यंत्राचा हात हलका होईल का?

महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आता आरतीला नगारा वाजवायला माणूस लागत नाही. लोखंडी चौकटीत नगारा बसवलेला, बाजूला घंटा, वर झांजांची जोडी आणि मागे सिंगल फेज मोटर. बटण दाबलं की मोटरीचा दांडा फिरतो, दांड्यावरचे कॅम टिपऱ्या उचलतात आणि स्प्रिंग त्यांना खाली ओढते. यंत्र साधं आणि दणकट. बिघडलंच तर गावातला मोटर बांधणारा ते दुरुस्त करतो. आरती म्हणणारे लय चढवत नेतात, शेवटाकडे आवाज वाढवतात, मध्येच एखाद्या कडव्यावर रेंगाळतात. यंत्राला त्याचं काही नसतं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तीच चाल, तोच जोर.

या यंत्रात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसतंच. ते बसवायचं म्हटलं तर काय करावं लागेल? जगभर घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न घेऊन बसणारी हौशी मंडळी गेली चाळीसेक वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. कोणी पियानो आपोआप वाजवतं, कोणी रस्त्यावरचा हातऑर्गन, कोणी घंटांची माळ, तर कोणी भिंतीवरच्या रबरी माशाला बोलतं करतं. कामं वेगवेगळी दिसतात, अडचण मात्र एकच. ठोका कधी द्यायचा, हे माणसाने फार पूर्वीच यंत्राला शिकवलं. तो किती जोराने द्यायचा आणि देऊन झाल्यावर हात मागे कसा घ्यायचा, इथे आजही गाडी अडते. स्वस्त मायक्रोकंट्रोलर आल्यामुळे सगळं सोपं झालं असं म्हटलं जातं, पण सोपा झाला तो आधीच सोपा असलेला भाग.

‘कधी’चं उत्तर किती जुनं आहे ते बघा. नवव्या शतकात बगदादच्या बनू मुसा बंधूंनी खुंट्या ठोकलेल्या दंडगोलावर चालणारं, पाण्याच्या जोरावर वाजणारं वाद्य वर्णिलं आहे. दंडगोल फिरतो, खुंटी तरफेला लागते, सूर उमटतो. अल-जझरीच्या १२०६ सालच्या ग्रंथात नावेत बसलेल्या वादकांच्या बाहुल्या आहेत, त्यांचे हातही अशाच खुंट्यांनी हलतात. संगीतपेटीचा पितळी रूळ तोच, युरोपातल्या घंटाघरांतली भलीमोठी पिंपं तीच. आपल्याकडे बंगालमधल्या चंदननगरच्या रोषणाईत अनेक वर्षं वापरलेला रोलरही याच कुळातला आहे. लाकडी रूळ, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, वर टेकलेले संपर्क. रूळ फिरला की दिवे ठरलेल्या क्रमाने लागतात आणि विझतात. खुंटीच्या जागी पट्टी आली आणि तरफेच्या जागी वीज, एवढाच फरक.

‘किती’चा विचारही कोणी केला नाही असं नाही. झाक द व्होकांसाँने १७३८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे बासरी वाजवणारा पुतळा ठेवला. तो खरोखर फुंकर मारून बासरी वाजवत असे. बासरीत वरचं सप्तक काढायला फुंकर जोरकस लागते, म्हणून व्होकांसाँने भात्यांचे तीन गट केले आणि प्रत्येकाला वेगळा दाब दिला. फक्त तीन पायऱ्या, पण जोराला स्वतंत्र नियंत्रण हवं हे त्याने ओळखलं होतं. पुढे कागदाच्या छिद्रांवर चालणारा पियानो आला तेव्हा हेच पुन्हा समोर उभं राहिलं. १९०८ मध्ये अमेरिकी उत्पादकांनी ८८ सुरांच्या गुंडाळीचं प्रमाण ठरवलं. छिद्र आलं की सूर वाजे, पण साध्या पियानोलावर आवाजाची चढउतार पायटा मारणाऱ्या माणसाकडेच राहिली. जर्मनीतल्या वेल्टे कंपनीने १९०४ पासून वादकाचा जोरही कागदावर उतरवायला सुरुवात केली. मात्र हवेचा दाब पियानोच्या डाव्या अर्ध्यासाठी एक आणि उजव्या अर्ध्यासाठी एक असाच बदलता येई. एकाच वेळी वाजणाऱ्या चार सुरांतला एकच उठून दिसावा असं वाटलं, तर तेवढी सोय नव्हती.

विजेचा शिरकावही वाटतो त्याहून जुना. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘व्हायोलानो-व्हर्चुओसो’ नावाचं कपाट विकलं. आत खरं व्हायोलिन असे, तारांवर गजाऐवजी फिरत्या चकत्या घासत आणि बोटांचं काम विद्युतचुंबक करत. ही कल्पना हेन्री सँडेलची. नाणं टाकलं की सुरू. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘पियानोकॉर्डर’ आला. घरातल्या कोणत्याही पियानोच्या पोटात, विजेने दांडी ओढणाऱ्या सोलेनॉइडांची रांग बसवायची आणि साध्या कॅसेटवर नोंदवलेल्या संकेतांवरून तो वाजवायचा. हौशी मंडळींना यातून मोठा धडा मिळाला: पियानो नवा घ्यायची गरज नाही, आहे त्याच्यातच बदल करता येतो. ते जुने पियानोकॉर्डर उघडून त्यांत नवे बोर्ड बसवणारे लोक पुढे निघाले.

१९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यांना सूर कळवण्याची ठरलेली संकेतभाषा, आली आणि ‘कधी’चा उरलासुरला प्रश्नही संपला. सेकंदाला ३१,२५० बिट, एका सुराचा संदेश तीन बाइटांचा, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. त्यात जोरासाठीही जागा ठेवली होती, १ ते १२७ पर्यंत. कागदावर का होईना, प्रत्येक सुराला स्वतःचा जोर मिळाला. संगीतकार जॉर्ज अँथाइलने १९२४ मध्ये ‘बॅले मेकानिक’ लिहिताना सोळा आपोआप वाजणारे पियानो एकत्र धरले होते, पण ते एका लयीत ठेवणं त्या काळी जमलं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत लोवेल इथे संगणकाच्या आज्ञेवर सोळा पियानो एकत्र वाजले. पंचाहत्तर वर्षं रखडलेलं काम एका तारेने केलं.

आता घरच्या टेबलाकडे येऊ. इटलीतल्या इव्रेआत २००५ मध्ये सुरू झालेला आर्दुइनो किंवा त्याच्या तोडीचा एखादा बोर्ड हा मेंदू. त्याच्या पायांतून निघणारा प्रवाह चाळीस मिलिअँपिअरच्या वर न्यायचा नसतो, त्याने सोलेनॉइड हलणार नाही. मध्ये ड्रायव्हर लागतो: छोट्या कामाला आठ मार्गांची यूएलएन २८०३ चिप, मोठ्याला मॉसफेट. सूर जास्त आणि पाय कमी पडले की ७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टरांची साखळी जोडायची. सोलेनॉइडच्या दोन टोकांना उलटा डायोड लावायला विसरलात तर प्रवाह तोडताना गुंडाळीतून उसळणारा व्होल्टेजचा झटका ड्रायव्हर जाळतो. हे सगळं लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतं. बहुतेकांचा उत्साह इथवर टिकतो, कारण पहिला सूर वाजतो. खरं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, हळू सूर वाजवायची वेळ येते तेव्हा.

सोलेनॉइड म्हणजे तारेची गुंडाळी आणि तिच्यात ओढली जाणारी लोखंडी दांडी. दांडी दूर असते तेव्हा ओढ क्षीण असते, जवळ येईल तशी ती झपाट्याने वाढते. म्हणजे सुरुवातीला रेंगाळायचं आणि शेवटी धाडकन आदळायचं, हा तिचा स्वभावच आहे. वादकाचा हात नेमका याच्या उलट वागतो: आधी वेग घेतो, मग सोडून देतो. पियानोत तर हातोडा तारेवर दाबला जात नाही, फेकला जातो. शेवटच्या टप्प्यात तो किल्लीपासून सुटतो. त्याला पुरेसा वेग मिळाला नाही तर तो तारेपर्यंत पोचतच नाही. म्हणून हळू सुराचा पट्टा फार अरुंद असतो. विजेचा स्पंद थोडा आखूड केला की सूर गिळला जातो, थोडा लांबवला की ठणकतो. त्यात प्रत्येक किल्लीचा स्वभाव वेगळा. ८८ किल्ल्यांसाठी ८८ तक्ते तयार करावे लागतात. हौशी माणसाची खरी कसोटी या तक्त्यांत आहे; प्रोग्रॅम लिहिणं त्यामानाने हातचा मळ.

तक्ते तयार झाले की उष्णता आडवी येते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. गुंडाळी पन्नास अंशांनी तापली की रोध पाचव्या हिश्शाने वाढतो आणि त्याच व्होल्टेजवर प्रवाह जवळपास सहाव्या हिश्शाने घटतो. म्हणजे मैफलीच्या सुरुवातीला हळू वाजणारे सूर तासाभराने गायब. वादक थकला असं ऐकणाऱ्याला वाटावं! यावर दोन उपाय आहेत. एक, व्होल्टेजऐवजी प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर. दुसरा, किल्ली प्रत्यक्ष कुठे आहे हे बघणारा सेन्सर लावून दर क्षणी चूक सुधारत राहणं. कारखान्यात बनणारे महाग पियानो प्रकाशाचे सेन्सर वापरतात. घरी पहिला उपाय परवडतो, दुसऱ्यासाठी चिकाटी लागते.

आणखी एक अडचण लय बिघडवते. हळू सुराची दांडी सावकाश चालते, म्हणून तो उशिरा पोचतो; जोराचा सूर आधी पोचतो. आज्ञा एकाच क्षणी दिली तरी दोघे एकत्र वाजत नाहीत, आणि कानाला तीसेक मिलिसेकंदांची फट चटकन कळते. यामाहाच्या डिसक्लाव्हिअर या आपोआप वाजणाऱ्या पियानोने यावर सरळ तोडगा काढला: बाहेरून येणारा प्रत्येक सूर अर्धा सेकंद रोखून धरायचा आणि प्रत्येकाला त्याच्या जोराप्रमाणे कमीजास्त आधी सोडायचं. रेकॉर्ड वाजवताना यामुळे काही बिघडत नाही. गाणाऱ्याच्या साथीला बसवायचं असेल तर अर्धा सेकंद हा फार मोठा काळ आहे.

सोलेनॉइडचा स्वतःचा आवाज हा वेगळाच वैताग. दांडी टोकाला आदळून ‘खट’ होतं. तिथे जाड फेल्ट लावावं लागतं. जोर कमी करण्यासाठी प्रवाह चालूबंद करत राहिलं की गुंडाळी किणकिणते. ही चालूबंद सेकंदाला वीस हजारांच्या वर नेली तर ती कानांपलीकडे जाते. पॉवर सप्लायवर लोक सर्वांत कमी विचार करतात. दहा किल्ल्या एकदम दाबल्या तर पंधरा-वीस अँपिअरची मागणी क्षणात येते, सप्लाय बसतो, बोर्ड रीसेट होतो आणि नेमका शेवटचा ‘थांब’चा संदेश हरवतो. मग एक सोलेनॉइड चालूच राहतो, गुंडाळीला धूर येतो. सूर काही सेकंदांपलीकडे चालू राहिला तर आपोआप बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार ओळी आणि प्रत्येक गटाला वेगळा फ्यूज, ही माझ्या मते पहिल्या दिवशी करायची कामं आहेत. बहुतेक जण ती जळाल्यावर करतात.

वाद्यांचीही प्रतवारी लावता येते. सर्वांत सोपा ऑर्गन, कारण त्यात किल्लीच्या जोराला अर्थच नाही. झडप उघडी किंवा बंद. झडप उघडताना पूर्ण प्रवाह, मग धरून ठेवायला त्याचा तिसरा-चौथा हिस्सा पुरतो. म्हणूनच जगभरचे हौशी कारागीर रस्त्यावरच्या २० किंवा ३१ सुरांच्या हातऑर्गनपासून सुरुवात करतात. आपल्याला हे वाचताना संगीत नाटकातला पायपेटीचा ऑर्गन आठवेल. पण पेटी असो वा ऑर्गन, आपल्या वादनात भाव येतो तो भात्यातून. मागे पंखा लावून एकसारखी हवा दिली तर सूर बरोबर येतात आणि गाणं मरतं. पेटीला यंत्र बसवणाऱ्याने किल्ल्यांवर दिवस घालवून भात्यासाठी एक पंखा लावला, तर त्याने सोपं काम केलं आणि अवघड टाळलं.

घंटा आणि झांजा सोप्या. एकच आघात, लगेच मागे. मागे घ्यायला उशीर झाला तर घंटेचा नाद दबतो, तेवढं सांभाळलं की झालं. नगाऱ्याच्या यंत्रात बदल करायचा तर मोटरीचा वेग बदलून भागणार नाही, कारण तिथे जोर मोटर देत नाही, स्प्रिंग देते. वेग वाढवला तरी ठोका तेवढाच राहतो. प्रत्येक टिपरीला स्वतःचा चालक हवा. मोटारगाडीच्या सेंट्रल लॉकचं बारा व्होल्टचं यंत्र त्याला चालतं. ते स्वस्त असतं आणि भंगारातही मिळतं.

तबला मात्र फार दूर आहे. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल पटीत येतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिलं. ‘ना’ला एक बोट शाईच्या कडेवर टेकून राहतं आणि दुसरं आघात करतं, डग्ग्यावर मनगट सरकवत सूर ओढला जातो. म्हणजे वाजवणारा हात दुय्यम. दाबून ठेवणारा आणि सरकणारा हात मुख्य. सोलेनॉइडला फक्त मारता येतं. अजय कपूर यांनी ‘महादेवीबॉट’ नावाचं बारा हातांचं यंत्र केलं, त्यात खंजिरीसारखी एकतोंडी वाद्यं, घुंगरू आणि घंटा निवडल्या. लय दाखवायला त्याचं डोकंही डोलतं. तबल्याऐवजी एका आघातात बोलणारी वाद्यं घेणं यातच त्या कामातली समज दिसते.

इथे कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ पासून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा मार्ग घालून दिला, आज फोनवर सगळा साज वाजतो. ते खरंच आहे आणि रियाजाला ते पुरेसंही आहे. पण स्पीकरमधून आलेला नगारा आणि समोर हललेलं चामडं यांतला फरक खोलीतल्या हवेला कळतो. ज्याला तो कळत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

हलत्या आकृत्यांची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तिथे आवाज आणि हालचाल यांची जोडणी हवी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या टिपू सुलतानाच्या लाकडी वाघात ही जोडणी फसूच शकत नव्हती, कारण मूठ फिरवली की माणसाचा हात उचलणारा दांडा आणि भाता एकत्रच चालत. डिस्नीच्या ‘एन्चँटेड टिकी रूम’मध्ये १९६३ पासून पक्षी गाऊ लागले, तिथे ध्वनिफितीवर नोंदवलेल्या वेगवेगळ्या स्वरांनी धातूच्या जिभा थरथरत आणि त्या संपर्क जोडत. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या टेडी रक्सपिन या अस्वलाने हेच घरात आणलं: कॅसेटच्या एका मार्गावर गोष्ट, दुसऱ्यावर डोळे आणि जबडा हलवणारे संकेत. त्यामुळे नव्या भाषेत गोष्ट भरायची तर दोन्ही मार्ग स्वतः तयार करता येतात, हे अनेकांनी करून पाहिलं. २०००च्या सुमारास गाजलेला ‘बिग माउथ बिली बास’ हा भिंतीवरचा मासा तर हौशी लोकांचा लाडका, कारण आत साध्या मोटरी आहेत आणि त्यांच्या तारा सहज सापडतात. तोंड हलवायला बहुतेक जण आवाजाची पातळी मोजून जबडा उघडतात. स्वरांवर ते जमतं. ‘म’ किंवा ‘प’ आला की ओठ मिटायला हवेत, तिथे मासा आ वासून राहतो.

पुण्याच्या गणेशोत्सवातले हलते देखावे बघताना एक गोष्ट लक्षात येते. जुन्या देखाव्यांत वायपरची मोटर, तिच्यावर क्रँक आणि मूर्तीच्या हातापर्यंत जाणारी सळई असे. क्रँकची गंमत अशी की दोन्ही टोकांना हालचाल आपोआप मंदावते, मध्यावर वेग घेते. राक्षसाचा हात वर जाऊन क्षणभर रेंगाळतो. नव्या देखाव्यांत त्या जागी सर्व्हो आला. त्याला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा एक स्पंद मिळतो आणि सर्व्हो सांगितलेल्या कोनाला सर्व ताकदीने झेपावतो, पोचला की झटक्यात थांबतो, मग थरथरतो. परिणाम: महागडा देखावा जास्त यांत्रिक दिसतो. उपाय प्रोग्रॅममध्ये आहे. प्रत्येक हालचाल छोट्या पायऱ्यांत तोडून सुरुवातीला आणि शेवटी मंद करायची. पण तो वापरलेला मला क्वचितच दिसतो. रामदास पाध्ये यांनी ‘झपाटलेला’साठी बनवलेला तात्या विंचू १९९३ सालीही लोकांना घाबरवू शकला, कारण त्याच्या हालचालीमागे हात माणसाचा होता आणि माणूस थांबताना हळू थांबतो.

मोठं काम करणाऱ्यांपैकी बेल्जियममधल्या घेंटच्या लोगोस फाउंडेशनचे गॉडफ्रीड-विलेम रास यांचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या यंत्रवाद्यवृंदापेक्षाही त्यांच्या नोंदी: कोणता सोलेनॉइड, किती व्होल्ट, काय जळलं, काय बदललं, सगळं लिहून ठेवलेलं. सिअ‍ॅटलच्या ट्रिम्पिन यांना १९९७ मध्ये मॅकार्थर फेलोशिप मिळाली. संगीतकार कॉन्लन नॅन्कॅरोने मेक्सिकोत हाताने छिद्रं पाडून तयार केलेल्या गुंडाळ्या त्यांनी संगणकाच्या भाषेत उतरवल्या. गिटारवादक पॅट मेथनीने २०१० मध्ये ‘ऑर्केस्ट्रिअन’ काढलं तेव्हा न्यू यॉर्कच्या लेमर या गटाची यंत्रं रंगमंचावर आली. त्यात आघाताच्या वाद्यांनी बाजी मारली, गिटार मेथनीने स्वतःकडे ठेवली. हेही पुन्हा तेच सांगतं.

जुन्या वाद्यांना हात लावण्याचा प्रश्न मात्र हौशी मंडळी फारसा गंभीरपणे घेत नाहीत. शंभर वर्षांच्या पियानोच्या किल्लीफळीखाली आरपार खाच पाडली की ती पुन्हा भरून निघत नाही. वेल्टे कंपनीने त्या काळातच वेगळा मार्ग दाखवला होता: फेल्टची बोटं असलेली पेटी पियानोसमोर ढकलायची, ती बाहेरून किल्ल्या दाबते, काम झालं की बाजूला. आज तशी पेटी सोलेनॉइडांची करता येते. फक्त ती जड होते आणि जागा अडवते. पियानोलासाठी त्याहून चांगली युक्ती आहे. कागदाची छिद्रं वाचणाऱ्या पितळी पट्टीकडून आत जाणाऱ्या रबरी नळ्यांना विजेच्या छोट्या झडपा जोडायच्या, म्हणजे जुने भाते आणि जुने हातोडे तसेच चालतात, फक्त छिद्राचं काम झडप करते. जोराचं नियंत्रणही त्या जुन्या हवेच्याच हाती राहतं. झडपा काढून नळ्या परत पट्टीला लावल्या की कागदाची गुंडाळी पूर्वीसारखी वाजते.